हकीम अब्दुल लतीफ बगदादी : ज्यांनी दोन हजार कवट्या तपासून हजार वर्षांची चूक पकडली

आपला खालचा जबडा किती हाडांचा असतो? आज बारावी सायन्सला असलेली आपली कोणतीही मुलगी पटकन सांगेल, एकच. पण सुमारे हजार वर्षे जगातले मोठमोठे हकीम शिकत आणि शिकवत होते की हे हाड दोन तुकड्यांचे असून हनुवटीपाशी जोडलेले असते. कारण तसे जालीनूस यांनी लिहून ठेवले होते. जालीनूस म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले ग्रीक वैद्य गेलन. त्यांचा दरारा एवढा की इब्न सीना यांच्या 'अल-कानून'मध्येही हा जबडा दोन हाडांचाच सांगितला आहे.

ही चूक ज्यांनी प्रत्यक्ष हाडे पाहून पकडली, ते आलिम म्हणजे मुवफ्फकुद्दीन अब्दुल लतीफ इब्न यूसुफ अल-बगदादी. इब्न सीना, अल-राझी, अल-जहरावी ही नावे आपल्या घरांत माहीत असतात. अब्दुल लतीफ यांचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही. म्हणून त्यांची ही हकिकत.

दृष्टिहीन उस्तादांचा शागिर्द

अब्दुल लतीफ यांचा जन्म हिजरी ५५७ म्हणजे इ.स. ११६२ मध्ये बगदादला झाला. घर इल्मचे होते. वडील यूसुफ हदीस आणि कुरआनच्या विद्यांचे जाणकार, चुलते फिकहचे. लहानपणीच कुरआन हिफ्ज झाले. खेळण्याबागडण्याच्या वयात हा मुलगा हदीसच्या मजलिसीत बसत होता.

थोडे मोठे झाल्यावर वडिलांनी त्यांना बगदादचे नामवंत व्याकरणकार कमालुद्दीन अल-अनबारी यांच्याकडे नेले. उस्ताद बोलू लागले आणि मुलाला त्यातले काहीच कळेना. अल-अनबारी यांनी सांगितले की आपण लहान मुलांना शिकवत नाही, याला आमचे शागिर्द वजीह अल-वासिती यांच्याकडे न्या, तयार झाला की परत आणा. अल-वासिती दृष्टिहीन होते, पण मायाळू होते. त्यांनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत या मुलावर मेहनत घेतली. मशिदीत शिकवले, रस्त्याने जाता जाता पाठ म्हणून घेतले. काही काळाने तोच मुलगा अल-अनबारी यांच्या वर्गात वरच्या रांगेत बसू लागला.

मोठेपणी ज्याने डोळ्यांनी पाहण्याचा एवढा आग्रह धरला, त्याला पहिला खरा आधार डोळ्यांनी न दिसणाऱ्या उस्तादांनी दिला. असो.

व्याकरण, फिकह, हदीस झाल्यावर ते तत्त्वज्ञान आणि तिब म्हणजे वैद्यकाकडे वळले. इब्न सीना यांची पुस्तके त्यांनी झपाटल्यासारखी वाचली. किमया, म्हणजे हलक्या धातूचे सोने करण्याची विद्या, तिच्याही नादाला ते लागले होते. पुढे दोन्हींवरून त्यांचे मन उडाले आणि किमयेवर तर त्यांनी आयुष्यभर कडक टीका केली.

सफर : मोसूल, दमास्कस, अक्का, कैरो

बगदादमध्ये आता शिकायला कोणी उरले नाही असे वाटले तेव्हा, इ.स. ११८९ मध्ये, ते घराबाहेर पडले. आधी मोसूल, मग दमास्कस. तो काळ सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी यांचा. बैतुल मुकद्दस परत मिळाले होते आणि अक्का शहरासाठी सलीबी फौजांशी लढाई चालू होती. अब्दुल लतीफ थेट अक्काच्या बाहेर पडलेल्या सुलतानांच्या छावणीत पोहोचले. तिथे त्यांना सुलतानांचे वजीर काझी अल-फाझिल भेटले. शरीराने काटकुळा असा हा माणूस त्या वेळी स्वतः लिहीत होता आणि त्याच वेळी आणखी दोघांना मजकूर सांगत होता. मान वर करून त्यांनी पाहुण्याला कुरआनच्या व्याकरणातले प्रश्न विचारले. उत्तरे पसंत पडली. अब्दुल लतीफ यांना इजिप्तला जायचे होते. अल-फाझिल यांनी कैरोतल्या आपल्या मुखत्याराच्या नावे चिठ्ठी दिली. कैरोत घर, पैसे, धान्य सगळी सोय झाली.

कैरोत त्यांना ज्यांना भेटायचे होते त्यांत एक होते मूसा इब्न मैमून, म्हणजे प्रसिद्ध यहुदी हकीम मैमोनिडीज. भेट झाली. अब्दुल लतीफ यांनी त्यांच्या विद्वत्तेची कदर केली, टीकाही केली. हा त्यांचा स्वभावच होता. सडपातळ, बोलण्यात गोड, पण समकालीनांबद्दल मत देताना जीभ तिखट. त्यांचे चरित्र लिहिणारे इब्न अबी उसैबिआ यांनीही हे लपवलेले नाही.

इ.स. ११९२ मध्ये सलीबींशी तह झाला. अब्दुल लतीफ बैतुल मुकद्दसला येऊन सुलतानांना भेटले. सुलतानांची मजलिस आलिमांनी भरलेली होती. शहराची तटबंदी बांधण्याचे आणि खंदक खोदण्याचे काम चालू होते आणि सुलतान स्वतः खांद्यावर दगड वाहत होते. सुलतानांनी त्यांना दमास्कसच्या जामा मशिदीत शिकवण्यासाठी दरमहा ३० दीनार लावून दिले. शहजाद्यांनी आपापली भर घातली आणि ही रक्कम १०० दीनारांवर गेली. पुढच्याच वर्षी सुलतानांचा इंतिकाल झाला. मग अब्दुल लतीफ सुलतानांचे पुत्र अल-अजीज यांच्यासोबत परत इजिप्तला आले आणि जामिआ अल-अजहरमध्ये शिकवू लागले. सकाळी वेगळे विषय, दुपारी तिब, संध्याकाळी पुन्हा दुसरे शागिर्द आणि रात्री स्वतःचा अभ्यास. असा त्यांचा दिवस असे.

नील चढली नाही

इजिप्तची सगळी शेती नील नदीच्या पुरावर. पुराचे पाणी १६ हात चढले की वर्ष सुखाचे. इ.स. १२०० मध्ये ते १३ हातसुद्धा चढले नाही. पुढच्या वर्षीही पूर पुरेसा आला नाही. धान्य संपले, खेडी ओस पडली, लोक कैरोकडे धावले आणि रस्त्यांवर मरू लागले. मागोमाग साथ आली. १२०२ मध्ये भूकंपही झाला.

अब्दुल लतीफ हे सगळे पाहत होते आणि लिहून ठेवत होते. भुकेने माणसे कुठल्या थराला गेली, माणसाने माणसाला कसे खाल्ले, हेही त्यांनी नोंदवले. वाचताना अंगावर काटा येतो, म्हणून इथे तपशील देत नाही. सरकारी कफन-दफन ज्यांना मिळाले त्यांचीच संख्या त्यांनी २२ महिन्यांत १ लाख ११ हजारांच्या आसपास दिली आहे. जे मोजणीत आलेच नाहीत ते वेगळे.

हे सगळे त्यांच्या 'किताब अल-इफादा वल-इतिबार' या पुस्तकात आहे. त्यात इजिप्तची झाडे, प्राणी, पिरॅमिड, इमारती, होड्या, खाद्यपदार्थ यांचीही माहिती आहे. पण पुस्तकाचा शेवटचा भाग या दुष्काळाचा आहे आणि आपल्या विषयाची गोष्ट त्याच भागात येते.

मक्सचा ढिगारा

त्या दिवसांतही शागिर्द तिब शिकायला येत होते. शरीररचनेवरचे जालीनूस यांचे पुस्तक चालू होते आणि मुलांना ते समजत नव्हते. खरे आहे ते. सांधा कसा बसतो, कवटीची हाडे एकमेकांत कशी गुंततात, हे नुसते वाचून कळत नाही. आज मेडिकलच्या पहिल्या वर्षाची मुले हाडांचा संच घेऊन बसतात ते याचसाठी.

तेवढ्यात कळले की कैरोजवळ मक्स इथे एका टेकाडावर मृतांचा प्रचंड ढीग पडला आहे. अब्दुल लतीफ शागिर्दांना घेऊन तिथे गेले. अंदाजे २० हजार किंवा त्याहून जास्त मृतदेह होते. काही ताजे, काही जुने. जुन्यांची फक्त हाडे उरली होती.

इथे थोडे थांबायला हवे. मृताच्या शरीराचा मान राखणे हे आपल्या दीनमध्ये जिवंत माणसाच्या मानाइतकेच महत्त्वाचे आहे. अब्दुल लतीफ हे जाणत होते, ते स्वतः फिकह शिकलेले होते. त्यांनी कोणाची कबर उकरली नाही, की त्या टेकाडावर कोणाच्या शरीरावर सुरी चालवली नाही. दफन करायला मागे कोणी उरले नाही म्हणून जी हाडे उघड्यावर पडली होती, ती त्यांनी नीट न्याहाळली. त्या गरीब, भुकेल्या, बेनाम माणसांनी मेल्यानंतर जगाला जे शिकवले ते विसरता कामा नये.

हाडांचे आकार, सांध्यांच्या बैठका, एकात एक अडकण्याची पद्धत, सगळे त्यांनी पाहिले आणि त्यांची खात्री पटली की पुस्तकातून हे कळणे शक्य नव्हते. जालीनूस यांचा दर्जा फार मोठा, त्यांचे निरीक्षण फार बारीक, हे त्यांनी मान्य केले. पण डोळ्यांना जे दिसते त्याची गवाही त्याहूनही पक्की, असेही मत नोंदवले.

मग जबड्याची पाळी आली. जालीनूस म्हणतात दोन हाडे, हनुवटीपाशी घट्ट जोडलेली. जोड असेल तर खूण दिसायला हवी. आपल्या कवटीवर बघा, चपट्या हाडांच्या मधे नागमोडी शिवणी दिसतात. तसा जोड अब्दुल लतीफ जबड्यात शोधत होते. एक जबडा पाहिला, खूण नाही. दुसरा पाहिला, नाही. दहा पाहिले, शंभर पाहिले. आपलीच नजर धोका देत असेल म्हणून त्यांनी इतरांनाही तपासायला लावले, काहींना आपल्यासमोर, काहींना आपल्या गैरहजेरीत, म्हणजे कोणी उस्तादांच्या मुलाहिज्याने हो ला हो म्हणू नये. अशा २ हजारांहून जास्त कवट्या झाल्या. प्रत्येकीचा खालचा जबडा एक अखंड हाड निघाला.

तरी त्यांचे समाधान झाले नाही. जोड घट्ट असेल म्हणून ताज्या हाडांत दिसत नसेल, अशी शंका शिल्लक होती. काळ लोटला की हाडांचे घट्ट जोडही सुटतात. म्हणून त्यांनी बूसीर इथल्या प्राचीन दफनभूमीतली फार जुनी हाडे पाहिली. तिथेही जबडा एकसंधच. मग त्यांनी स्पष्ट लिहिले की खालचा जबडा एकच हाड आहे, त्यात सांधा नाही आणि शिवणही नाही.

मग जालीनूस चुकले कसे?

जालीनूस खोटे बोलले नव्हते. रोममध्ये त्यांच्या काळी माणसाच्या मृतदेहाची चिरफाड करू देत नसत. म्हणून त्यांनी आपला बराचसा अभ्यास माकडे, डुकरे, बैल अशा जनावरांवर केला. आणि अनेक जनावरांत खालचा जबडा खरोखरच दोन भागांचा असतो. बकरी ईदला मुंडी साफ करताना घरात हे कोणीही पाहू शकतो. बोकडाचा खालचा जबडा समोर, दातांच्या खाली, मधोमध सुटतो आणि दोन तुकडे हातात येतात. कारण बोकडात हा जोड पूर्ण हाडाचा होत नाही.

दुसरी गोष्ट आज आपल्याला माहीत आहे. आईच्या पोटात माणसाचा जबडाही दोन भागांतच तयार होतो. जन्माच्या वेळी हनुवटीपाशी कूर्चेसारखी मऊ जोडणी असते आणि साधारण पहिल्या वर्षात ती भरून एकच हाड होते. नवजात बाळाच्या अंगात सुमारे २७० ते ३०० हाडे मोजतात आणि मोठ्या माणसात २०६. बाकीची कुठे गेली? कुठेही नाही, एकमेकांत मिसळली. जबडा त्यांतलाच एक.

कवटी आणि चेहरा मिळून २२ हाडे. त्यांत हलणारे फक्त एक, ते हे खालच्या जबड्याचे हाड. कवटीच्या शिवणी म्हणजे न हलणारे सांधे. पाठीच्या मणक्यांमधले सांधे थोडेसे हलतात. खांदा, गुडघा, कोपर हे मोकळे हलणारे सांधे. त्यांत हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते, मधे वंगणासारखा द्रव असतो आणि हाडे जागेवर धरून ठेवायला अस्थिबंध असतात. कानापुढे बोट ठेवून तोंड उघडून बघा, जबड्याचा सांधा बोटाखाली सरकताना जाणवेल. दोन बाजूंना दोन सांधे, पण हाड एक, म्हणून एक बाजू हलली की दुसरीला हलावेच लागते.

जिथे खात्री नाही, तिथे तसे लिहिले

अब्दुल लतीफ यांचा मोठेपणा मला जबड्यापेक्षा पुढच्या एका छोट्या नोंदीत जास्त दिसतो. कमरेच्या खाली, दोन्ही कुल्ह्यांच्या मधे, त्रिकास्थी असते आणि तिच्या टोकाला माकडहाड. जालीनूस यांनी हा भाग ६ हाडांचा सांगितला होता. अब्दुल लतीफ यांनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा एकच हाड दिसले. झाले, जालीनूस इथेही चुकले, असे लिहून मोकळे होता आले असते. पण त्यांनी दुसऱ्या सांगाड्यात पाहिले, तर ६ हाडे होती. इतरांतही तसेच. फक्त दोन सांगाड्यांत एकसंध हाड मिळाले. हे सगळे त्यांनी जसेच्या तसे लिहिले आणि वर हेही नोंदवले की जबड्याबद्दल जेवढी खात्री आहे तेवढी इथे नाही.

आज आपण जाणतो की त्रिकास्थी लहानपणी साधारण ५ सुट्या मणक्यांची असते. ते मणके वयात येताना जुळू लागतात आणि पंचविशीच्या आसपास एक होतात. माकडहाडाचे छोटे तुकडे वेगळे, आणि माणसामाणसांत थोडा फरकही असतो. म्हणजे तिथे घाईने निकाल न देणेच शहाणपणाचे होते.

अखेरचा प्रवास

दुष्काळ सरला. काही वर्षांनी अब्दुल लतीफ बैतुल मुकद्दसला गेले आणि मस्जिद अल-अक्सात शिकवू लागले. तिथून दमास्कस. हकीम म्हणून त्यांचे नाव तिथेच सर्वांत जास्त झाले. मग हलब, पुढे आजच्या तुर्कस्तानातले अर्जिंजान, तिथल्या अमीरांच्या पदरी काही वर्षे, आणि परत हलब. त्यांनी शंभराहून जास्त छोटेमोठे ग्रंथ लिहिले. त्यांत एक मधुमेहावरचाही आहे. बहुतेक आज हरवलेले आहेत.

शागिर्दांना ते सांगत की नुसत्या पुस्तकावर इल्म घेऊ नका, उस्तादांपुढे बसा, आणि रोज रात्री झोपण्याआधी आज काय चांगले केले, काय वाईट केले याचा स्वतःशी हिशेब करा.

इ.स. १२३१ मध्ये हजला निघावे असे त्यांच्या मनात आले. वाटेत बगदादला जाऊन खलीफांना आपले काही ग्रंथ द्यायचे होते. चाळीसहून जास्त वर्षांनी त्यांनी आपल्या शहरात पाऊल ठेवले आणि तिथेच आजारी पडले. हज राहून गेले. १२ मुहर्रम ६२९ हिजरी, म्हणजे नोव्हेंबर १२३१ मध्ये त्यांचा इंतिकाल झाला. जनाजाची नमाज शेख शहाबुद्दीन सुहरावर्दी यांनी पढवली आणि वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना दफन केले गेले.

शोध लागला, पण कोणी वाचला?

आता खरी दुखरी गोष्ट. एवढे पुरावे देऊनही त्यांचे म्हणणे वैद्यकाच्या पुस्तकांत शिरले नाही. ते एका प्रवासवर्णनात, दुष्काळाच्या हकिकतीत दबून राहिले. मदरशांतून जालीनूस आणि इब्न सीना यांचेच पाठ चालू राहिले. दोन हाडे म्हणजे दोन हाडे.

युरोपात अँड्रियास व्हेसालियस यांनी १५४३ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात जालीनूस यांच्या अनेक चुका दाखवल्या, त्यांत माणसाचा जबडा एक हाडाचा हेही होते. जगाला तेच नाव लक्षात राहिले. अब्दुल लतीफ यांच्या हातची प्रत इंग्रज विद्वान एडवर्ड पोकॉक यांच्या संग्रहातून ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात गेली. १८०० मध्ये ती लॅटिन भाषांतरासह छापली गेली आणि १८१० मध्ये सिल्व्हेस्त्र द सासी यांनी तिचे फ्रेंच भाषांतर काढले. म्हणजे सहाशे वर्षे झाल्यावर.

आपण अभिमानाने म्हणतो की हे आमच्या लोकांनी आधी शोधले होते. बरोबर आहे, पण अर्धेच. शोधले आमच्या एकाने, आणि सांभाळले नाही आमच्याच बाकीच्यांनी. बुजुर्गांचा आदर आणि बुजुर्गांचे म्हणणे तपासून पाहणे या दोन गोष्टी एकमेकींच्या दुश्मन नाहीत. अब्दुल लतीफ यांनी जालीनूस यांचा मान कमी केला नाही, फक्त जबडा हातात घेऊन पाहिला.

तेव्हा आपली मुले घरात प्रश्न विचारतात, पुस्तकात असे का लिहिले आहे म्हणून हटून बसतात, तेव्हा त्यांना गप्प करू नका. त्यांना पाहू द्या, मोजू द्या, चार जणांकडून तपासून घेऊ द्या. आणि खात्री नसेल तर तसे म्हणायलाही शिकवा. अल्लाह तआला हकीम अब्दुल लतीफ यांची मगफिरत करो, आणि मक्सच्या त्या टेकाडावरच्या बेनाम मृतांचीही. आमीन.